ठरावीक पेनड्राइव्हच चालावेत, बाकीचे नाही: विंडोजमध्ये कसं करायचं?

प्लाझ्मा_टेबल (प्रश्न)

मंडळी, मी आयटीवाला नाही. ड्रॉइंग करतो, आणि कटिंग मशीनला जोडलेला पीसीही माझ्याच गळ्यात आहे, कारण त्याला हात लावायला दुसरं कोणी तयार नाही. विंडोज १० प्रो आहे. नेटवर्क मुद्दामच दिलेलं नाही. वर माझ्या कॉम्प्युटरवर नेस्टिंग (पत्र्यावर तुकडे बसवून घेणं) करायचं, फाईल पेनड्राइव्हवर टाकायची, खाली जाऊन मशीनच्या पीसीला लावायची, असा आमचा रस्ता. त्यामुळे यूएसबी सरसकट बंद करून भागत नाही.

त्रास असा की त्या पीसीला येणारा-जाणारा काहीही लावतो. गाण्यांचे पेनड्राइव्ह, चार्जिंगला फोन, सर्व्हिसला येणाऱ्या इंजिनिअरचा जुनापुराणा ड्राइव्ह. मागे एकदा पेनड्राइव्हवरच्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसले. नाव तेच, चिन्ह तेच, फक्त कोपऱ्यात तो बारीक बाण. डबल क्लिक केलं की फोल्डर उघडायचंही, म्हणून कोणाला शंका आली नाही. ज्यांनी हा शॉर्टकट व्हायरसचा प्रकार भोगलाय त्यांना पुढचं सांगायला नको. मशीन अर्धी पाळी उभं होतं.

मला हवंय ते एवढंच: कंपनीचे तीन पेनड्राइव्ह चालावेत. बाकी कुठलाही लावला तर ढिम्म काही होऊ नये. कीबोर्ड, माउस आणि कटिंग सॉफ्टवेअरचा डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) मात्र चालूच राहिला पाहिजे. डोंगल दिसेनासा झाला तर माझी काही खैर नाही.

पोर्टात गोंद ओतायचा सल्ला मिळून झालाय. तो सोडून बोला.

झटपट_उपाय

रजिस्ट्री एडिटर उघडा. एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, यूएसबीस्टोर. त्यात 'स्टार्ट' दिसेल, त्याची व्हॅल्यू ३ असते ती ४ करा. संपला विषय. स्वतःचा पेनड्राइव्ह लावायचा असेल तेव्हा परत ३ करा.

पोर्टपाल

झटपटराव, प्रश्न पुन्हा वाचा. त्यांना कुलूप नकोय, दारावर माणूस हवाय. ४ केलं की त्यांचा स्वतःचाही ड्राइव्ह बंद, आणि दर फाईलला रजिस्ट्री उघडायची म्हणजे आठवड्याभरात ती कायमची ३ वर राहणार. शिवाय नवीन एसएसडी एन्क्लोजर बऱ्याचदा यूएएसपी या वेगळ्या, वेगवान यूएसबी पद्धतीवर चालतात. विंडोज ८ पासून त्यांचा ड्रायव्हरच वेगळा आहे, यूएएसपीस्टोर. यूएसबीस्टोर बंद असलं तरी ते खुशाल आत येतात.

आता मूळ कामाचं. विंडोज प्रो आहे म्हणजे ग्रुप पॉलिसी एडिटर (पीसीचे नियम ठरवायचं साधन) आहे, होममध्ये तो मिळत नाही. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, डिव्हाइस इन्स्टॉलेशन, आणि त्यातलं डिव्हाइस इन्स्टॉलेशन रिस्ट्रिक्शन्स. पुढचं सगळं इथेच घडतं.

बहुतेक लोक इथे येऊन 'प्रिव्हेंट इन्स्टॉलेशन ऑफ रिमूव्हेबल डिव्हाइसेस' चालू करतात, शेजारच्या अलाऊ यादीत आपला पेनड्राइव्ह घालतात, आणि तरीही तो चालत नाही म्हणून कपाळाला हात लावतात. कारण साधं आहे. मुळात विंडोजमध्ये मनाई नेहमी परवानगीला हरवते. दोन्ही यादीत एकच वस्तू आली की मनाईच खरी. हे उलटवायला एक वेगळी सेटिंग आहे, तिचं नाव 'अप्लाय लेयर्ड ऑर्डर ऑफ इव्हॅल्युएशन' असं सुरू होतं आणि पुढे लांबतच जातं. ती चालू केली की पायऱ्या पडतात: सगळ्यात वर त्या एकाच वस्तूचा इन्स्टन्स आयडी, त्याखाली डिव्हाइस आयडी (मॉडेल किंवा जातीची ओळख), त्याखाली सेटअप क्लास (विंडोजने पाडलेला गट), तळाला 'रिमूव्हेबल' हा ढोबळ शिक्का. वरच्या पायरीवर परवानगी असेल तर खालच्या पायरीवरची मनाई लागत नाही. एकाच पायरीवर मात्र अजूनही मनाईच जिंकते.

या पायऱ्यांचा उपयोग असा करायचा. प्रत्येक यूएसबी वस्तू आत येताना आपली जात सांगते. साठवणुकीच्या वस्तूंचा वर्ग ०८. कीबोर्ड-माउस ०३, हब ०९. म्हणजे मनाई फक्त ०८ वर लावली की कीबोर्ड, माउस, हब यांच्या केसालाही धक्का लागत नाही, आणि यूएएसपीवाले चोरही त्याच ०८ मध्ये सापडतात.

कुठला तरी नको असलेला पेनड्राइव्ह लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी कंट्रोलर्सखाली 'यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस' दिसेल. त्याच्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून 'कंपॅटिबल आयडीज' निवडा. तीन ओळी येतील. पहिलीत क्लास, सबक्लास, प्रोटोकॉल असं सगळं. शेवटची सर्वांत आखूड, नुसता यूएसबी, क्लास आणि ०८. ती आखूड ओळ कॉपी करा, हाताने टाइप करू नका. 'प्रिव्हेंट... मॅच एनी ऑफ दीज डिव्हाइस आयडीज' मध्ये ती चिकटवा आणि खाली 'आधीच इन्स्टॉल झालेल्यांनाही लागू करा' अशा अर्थाचा चौकोन आहे तो टिक करा. हा चौकोन विसरलात तर आजवर त्या पीसीला लागून गेलेला प्रत्येक ड्राइव्ह उद्याही चालेल, आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

पण हे लावायच्या आधी परवानगीची यादी भरा. कंपनीचे ड्राइव्ह एकेक करून लावा, त्याच 'यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस'च्या डिटेल्समधून 'डिव्हाइस इन्स्टन्स पाथ' घ्या आणि 'अलाऊ... डिव्हाइस इन्स्टन्स आयडीज' मध्ये टाका. 'डिस्क ड्राइव्ह्ज'खालचा पाथ नको. मनाई 'यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस' या नोंदीवर लागतेय, परवानगीही त्याच नोंदीची हवी.

हार्डवेअर आयडी टाकून मोकळं होण्याचा मोह होईल. करू नका. त्यात कंपनीचा आकडा (व्हीआयडी) आणि मॉडेलचा आकडा (पीआयडी) एवढंच असतं. उदाहरणार्थ व्हीआयडी ०७८१ म्हणजे सॅनडिस्क आणि पीआयडी ५५६७ म्हणजे त्यांचा क्रूझर ब्लेड. तो आयडी यादीत घातला की जगातला प्रत्येक क्रूझर ब्लेड आत. तुमच्या ऑपरेटरच्या खिशातलाही बहुधा तोच असेल.

डोंगलचं: त्याचेही कंपॅटिबल आयडी आधी बघून घ्या. बहुतेक डोंगल ०३ मध्ये किंवा कंपनीच्या स्वतःच्या वर्गात असतात, पण काही महाभाग स्वतःला ड्राइव्ह म्हणवतात. तसा निघाला तर त्याचाही इन्स्टन्स पाथ यादीत.

आणि शेवटचं, ज्यावर सगळं उभं आहे: ऑपरेटर ॲडमिन लॉगिनने काम करत असेल तर वरचं सगळं व्यर्थ. तो हवं तेव्हा पॉलिसी काढून टाकेल. 'सॉफ्टवेअरला ॲडमिन लागतं' हे मशीन विकणारे सांगतात. पुष्कळदा त्याला फक्त स्वतःच्या फोल्डरात लिहायची परवानगी लागत असते.

प्लाझ्मा_टेबल

पोर्टपाल, इतकं सविस्तर कोणी सांगत नाही, आभार. दोन ठिकाणी अडलोय.

डोंगल तपासला, तो ०३ मध्ये निघाला. जीव भांड्यात पडला. पण ती लांबलचक नावाची लेयर्ड सेटिंग माझ्याकडे यादीतच नाही. बाकीच्या सगळ्या दिसतात.

दुसरं विचित्र आहे. दोन पेनड्राइव्हचे पाथ नीट आले, शेवटी लांबलचक आकडा. तिसऱ्याच्या शेवटी ५&१९३४५०२६&०&२ असं काहीतरी येतं. तोच ड्राइव्ह मागच्या पोर्टला लावला तर शेवटचा २ जाऊन ९ होतो. यातला कुठला घालायचा?

पोर्टपाल

कुठलाच नाही. तो ड्राइव्ह बाजूला करा.

शेवटच्या तुकड्यातलं दुसरं अक्षर बघा. तिथे & असेल तर तो आकडा ड्राइव्हचा नाही, विंडोजने रचलेला आहे. ड्राइव्हने सिरीयल नंबर सांगितलाच नाही, म्हणून विंडोजने 'अमुक हबच्या अमुक पोर्टाला लागलेला' एवढंच लिहून ठेवलं. तो शेवटचा २ आणि ९ म्हणजे पोर्ट. हा पाथ परवानगीत टाकलात तर तुम्ही ड्राइव्हला नाही, पोर्टला परवानगी देता. त्याच मॉडेलचा, सिरीयल नसलेला दुसरा ड्राइव्ह त्याच पोर्टला लागला तर तोही चालेल. आणि तुमचा स्वतःचा मागच्या पोर्टला चालणार नाही.

खरं तर अशा ड्राइव्हसाठी यूएसबीच्या बल्क-ओन्ली मानकातच लिहिलंय की सिरीयल नंबर किमान १२ अंकी हवा. स्वस्तातले बनवणारे ते वाचत नाहीत. काही जण त्याहून पुढे, अख्ख्या लॉटला एकच नंबर ठोकतात. म्हणून नवीन ड्राइव्ह आणलेत तर एकाच मॉडेलचे दोन शेजारी लावून पाथ ताडून बघा, वेगळे आहेत ना.

आता लेयर्डचं. ही सेटिंग विंडोज १० मध्ये २०२१ च्या मध्यानंतरच्या अपडेटबरोबर आली. तुमच्या पीसीला नेट नाही म्हणजे तो जन्माला आला तसाच असणार. रनमध्ये विनव्हर टाइप करा आणि वर्जन सांगा.

प्लाझ्मा_टेबल

२०एच२.

पोर्टपाल

मग सोपं आहे. मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग नावाची त्यांचीच साइट आहे. तिथे २०एच२ साठीचं शेवटच्या काळातलं क्युम्युलेटिव्ह (आधीचं सगळं एकत्र असलेलं) अपडेट शोधा, एक्स६४ म्हणजे ६४-बिटचं. एमएसयू ही अपडेटची फाईल मिळेल. ती वर तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवा, चांगल्या पेनड्राइव्हने खाली न्या, डबल क्लिक. मशीन थांबलेलं असेल अशा वेळी करा, आणि आधी त्या पीसीची डिस्क इमेज काढून ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण नेट नसलेल्या पीसीला त्याने लगेच फरक पडत नाही. तुमच्याकडे धोका यूएसबीच्या भोकातूनच येतो.

अपडेट अजिबात करायचं नसेल तर जुना मार्ग आहे: 'प्रिव्हेंट इन्स्टॉलेशन ऑफ डिव्हाइसेस नॉट डिस्क्राइब्ड बाय अदर पॉलिसी सेटिंग्ज'. म्हणजे यादीत नाही ते काहीच नवीन आत घ्यायचं नाही. आधी बसलेलं चालू राहतं. पण मला हा मार्ग तुमच्यासाठी पसंत नाही. स्वस्त कीबोर्डला सिरीयल नसतो, त्यामुळे सफाई करताना कोणी तो उपटून शेजारच्या पोर्टला लावला की विंडोजच्या लेखी तो नवा कीबोर्ड, आणि नव्याला मनाई. रात्री तुम्हाला फोन येणार की कीबोर्ड मेला.

शंकेखोर

हे सगळं करून सुरक्षित झालो असं कोणी समजू नये म्हणून सांगतो. व्हीआयडी, पीआयडी, सिरीयल, वर्ग, हे सगळं ती वस्तू स्वतःच सांगते आणि विंडोज मुकाट विश्वास ठेवतो. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी ब्लॅक हॅट परिषदेत बॅडयूएसबी दाखवलं. पेनड्राइव्हच्या कंट्रोलरचं फर्मवेअरच (चिपमधला मूळ प्रोग्रॅम) बदलायचं, की तो स्वतःला कीबोर्ड म्हणवतो आणि भराभर कमांड टाइप करतो. ०८ वर मनाई लावून हा थांबणार नाही, कारण तो ०३ म्हणूनच येतो.

पोर्टपाल

शंकेखोर, बरोबर. पण इथे शत्रू कोण आहे ते बघा. गाणी ऐकणारा ऑपरेटर. त्याच्याकडे बदललेलं फर्मवेअर नाही, त्याच्याकडे शॉर्टकट व्हायरस आहे. ज्यांच्यावर कोणी मुद्दाम नेम धरून बसलंय त्यांनी कीबोर्डच्या वर्गालाही मनाई लावून आपला एकच मोकळा ठेवावा, आणि पीसी कुलूपबंद कपाटात घालावा. याच्या पलीकडचं काम पॉलिसीचं नव्हे.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे, आणि ती या धाग्यात अजून कोणी काढली नाही. यादीतला ड्राइव्ह घरी गेला तर? मशीनचा पीसी ओळखतो की हा आपला. पण 'आपला' काल रात्री कोणाच्या कॉम्प्युटरला लागला होता हे त्याला कुठून कळणार? २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट नावाचा घातक प्रोग्रॅम नेट नसलेल्या मशीनपर्यंत पोचायला पेनड्राइव्हच वापरत होता, आणि त्याला ऑटोरनही (ड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम आपोआप सुरू होणं) लागत नव्हतं. फोल्डर उघडून आयकॉन दिसला की पुरे, अशी शॉर्टकट फाईलमधली फट त्याने धरली होती. तेव्हा मशीनला कोणते ड्राइव्ह दिसावेत हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं म्हणजे त्या ड्राइव्हला कोणती मशीन दिसावीत.

त्यावर मी विंडोजचं बिटलॉकर टू गो वापरतो, म्हणजे ड्राइव्हलाच पासवर्डचं कुलूप. पेनड्राइव्ह वरच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड घालून एन्क्रिप्ट करा. पासवर्ड तुमच्याकडेच. मग मशीनच्या पीसीवर ऑपरेटरच्याच लॉगिनमध्ये तुम्ही स्वतः एकदा पासवर्ड टाकून 'ऑटो अनलॉक' चालू करा. यापुढे ड्राइव्ह मशीनच्या पीसीवर आपोआप उघडतो, बाकी कुठेही लावला तर पासवर्ड मागतो. गाणी टाकायला कोणी घरी नेणारच नाही. रिकव्हरी की छापून कागदावर ठेवा, ड्राइव्हबरोबर नाही.

आणि फोन! फोन ०८ मध्ये येत नाही, तो एमटीपी या फाईल देण्याघेण्याच्या वेगळ्या पद्धतीने येतो, म्हणून वरच्या मनाईतून सुटतो. त्यासाठी सिस्टिमखालीच 'रिमूव्हेबल स्टोरेज ॲक्सेस' उघडा आणि 'डब्ल्यूपीडी डिव्हाइसेस'चं (फोनसारखी पोर्टेबल उपकरणं) वाचणं-लिहिणं दोन्ही डिनाय करा. चार्जिंग चालू राहील, भांडण होणार नाही. त्याच पानावर 'रिमूव्हेबल डिस्क्स: डिनाय एक्झिक्यूट ॲक्सेस' आहे, तेही चालू करा. तुमच्या पेनड्राइव्हवरून फक्त कटिंगच्या फाईली यायच्यात, प्रोग्रॅम थेट तिथून चालवायचं कारणच काय?

फोनचं अजून एक. कोणी यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट पीसीला देणं) चालू केलं तर विंडोजला तो फोन नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो, आणि तुमचा 'नेट नसलेला' पीसी क्षणात नेटवर. नेटवर्क ॲडॅप्टरच्या सेटअप क्लासलाही मनाई लावा. क्लास जीयूआयडी (त्या गटाचा ओळखक्रमांक) डिव्हाइस मॅनेजरच्या डिटेल्समध्ये मिळतो. इथे मात्र तो 'आधीच्यांनाही' चौकोन टिक करू नका, नाहीतर पीसीमधलं मूळ कार्डही जाईल, आणि मशीनचा कंट्रोलर त्याच कार्डाने जोडलेला असला तर काय होईल ते तुम्हीच सांगा.

टर्मिनलवाला

लिनक्सवाले वाचत असतील त्यांच्यासाठी थोडक्यात. यूएसबीगार्ड टाका, यादीत नसलेली यूएसबी उपकरणं अडवणारा प्रोग्रॅम. पण सर्व्हिस चालू करायच्या आधी, हवी ती सगळी उपकरणं लावलेली असताना, यूएसबीगार्ड जनरेट-पॉलिसी चालवून नियमांची फाईल बनवा. उलट क्रमाने केलंत तर तुमचाच कीबोर्ड अनोळखी ठरतो आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत बसता. नियमात व्हीआयडी-पीआयडी, सिरीयल, डिस्क्रिप्टरचा हॅश (उपकरण स्वतःबद्दल सांगतं त्या माहितीचा ठसा) आणि इंटरफेस असं सगळं एका ओळीत मागता येतं. साध्या पेनड्राइव्हचा इंटरफेस ०८:०६:५०, म्हणजे क्लास, सबक्लास, प्रोटोकॉल. त्याच ओळीच्या ड्राइव्हने सोबत ०३ ही दाखवलं, म्हणजे मी ड्राइव्हही आहे आणि कीबोर्डही असं म्हणाला, तर नियम जुळत नाही आणि तो बाहेर राहतो. शंकेखोरांचा निम्मा मुद्दा इथे निकालात निघतो.

प्लाझ्मा_टेबल

सगळं झालं. अपडेट रविवारी टाकलं, सेटिंग दिसली. & वाला ड्राइव्ह माझ्या ड्रॉवरमध्ये गेला, त्याच्या जागी नवा आणला, तो नीट सिरीयलवाला आहे. तिन्ही बिटलॉकर केले. ऑपरेटरने आज स्वतःचा लावून बघितला. 'सिस्टिम पॉलिसीने मनाई केली आहे' अशी खिडकी आली आणि गेली. त्याने तीनदा काढून घातला, मग पोर्ट खराब झालाय म्हणून माझ्याकडे आला.

एक राहिलं: कोणी काय लावलं याची नोंद कुठे राहते का?

पोर्टपाल

सी ड्राइव्ह, विंडोज, आयएनएफ फोल्डर, त्यात सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग. साधी मजकुराची फाईल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. पहिल्यांदा लागलेलं प्रत्येक उपकरण तारीख-वेळेसकट, मनाई झाली असेल तर तेही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हवं असेल तर ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसीत 'पीएनपी ॲक्टिव्हिटी' चालू करा, मग सिक्युरिटी लॉगमध्ये ६४१६ नंबरचा इव्हेंट पडत राहील.

सर्व्हिस इंजिनिअरचं काय केलंत?

प्लाझ्मा_टेबल

त्याचा ड्राइव्ह आधी माझ्या कॉम्प्युटरला. अँटीव्हायरस फिरवतो, लागणारी फाईल तेवढी कंपनीच्या ड्राइव्हवर घेतो आणि ती खाली नेतो. सेटअप चालवायचा असेल तर फाईल आधी पीसीवर कॉपी करून मी ॲडमिनमधून चालवतो. कुरकुर करतो, पण देतो.